मिनी ट्रॅक्टर सारखा बंद पडतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्ष, डाळिंब, पेरूच्या बागांत फिरणाऱ्या १५ ते ३० एचपीच्या डिझेल ट्रॅक्टरांबद्दल हे प्रश्न आहेत. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन येऊ लागलं. आपला छोटा ट्रॅक्टर अजून साध्या यांत्रिक पंपावर चालतो. त्यामुळे पाना, स्वच्छ फडकं आणि एक पारदर्शक बाटली एवढ्या सामानावर बांधावरसुद्धा बहुतेक दोष सापडतो. खाली वाकण्याआधी पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद करा, हँडब्रेक ओढा आणि किल्ली काढून खिशात टाका.

१. ट्रॅक्टर चालू होतो, पण थोड्या वेळाने बंद पडतो. सुरुवात कुठून करू?

पाना हातात घेण्याआधी तो बंद *कसा* पडतो ते बघा. सगळी मेख तिथेच आहे. आवाज हळूहळू बसत जाऊन, दोन-चार आचके देऊन बंद पडला तर त्याला डिझेल पुरत नाही (प्रश्न ३ ते ७). किल्ली फिरवल्यासारखा चटकन बंद पडला तर वायर, सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारी विजेवरची झडप) किंवा स्टॉपची केबल बघा (प्रश्न ११). काळा धूर ओकत दबत गेला तर हवा कमी पडते किंवा लोड जास्त आहे (प्रश्न ८ आणि ९). गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर प्रश्न १० वाचा.

आणखी दोन गोष्टी वहीत लिहा: चालू केल्यापासून किती मिनिटांनी बंद पडला आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला. तीन वेळा हे लिहून काढलं की पाचशे रुपयांचा दोष आहे की पाच हजारांचा, याचा बराच अंदाज येतो.

२. बॅटरी कमजोर असेल तर चालू ट्रॅक्टर बंद पडतो का?

सहसा नाही. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं. बॅटरीचं काम स्टार्टर फिरवण्यापुरतं. अपवाद एकच: डिझेल सोडणारा सोलेनॉइड विजेवर उघडा राहत असेल, तर तिथली वीज तुटताच इंजिन बंद होतं. त्याबद्दल प्रश्न ११ मध्ये आहे.

३. दहा-पंधरा मिनिटं छान चालतो, मग बसत बसत बंद पडतो. थोडं थांबलं की परत चालू. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर बहुतेक वेळा टाकीच्या झाकणात असतं. कामावर असलेला छोटा ट्रॅक्टर तासाला दोन-तीन लिटर डिझेल ओढतो. जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. इंजिन बंद पडल्यावर हवा कुठून तरी हळूहळू आत झिरपते आणि ट्रॅक्टर पुन्हा चालतो.

तपासणी अगदी सोपी आहे. बंद पडला की लगेच झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला आणि ट्रॅक्टर पटकन चालू झाला, तर दोष सापडला. झाकण रॉकेलमध्ये बुडवा, छिद्रातून बारीक तार घाला आणि तोंडाने नाही, पंपाने हवा मारा. झाकण हरवलं म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधणारे आहेत, कुठल्या तरी डब्याचं झाकण बसवणारेही आहेत. त्यानेही हेच होतं.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो कारण एका ऑक्टोबर छाटणीनंतर मला याची किंमत मोजावी लागली. बाग पोंग्यात (कोवळी फूट), रात्रभर पाऊस आणि सकाळी डाऊनीसाठी (केवडा रोग) फवारणी गाठायची होती. ब्लोअर (पंख्याचं फवारणी यंत्र) जोडलेला ट्रॅक्टर दर चौथ्या ओळीला बंद. मिस्त्रीच्या सांगण्यावरून फिल्टर बदलला, मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) बदलला, तरी तेच. शेवटी डिझेल टाकायला झाकण काढलं तेव्हा ते हाताला ओढ देऊन सुटलं. छिद्रात गंधकाच्या धुरळणीची पावडर आणि धूळ मिळून पिवळसर खडा बसला होता, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. फवारणीचे दोन दिवस गेले ते गेलेच.

झाकण सैल ठेवूनही बंद पडत असेल तर टाकीच्या बुडातला गाळ बघा. ओढ लागली की गाळ किंवा पानाचा तुकडा तोंडावर येऊन बसतो आणि इंजिन थांबलं की खाली पडतो. कॉकखालची नळी काढा, खाली डबा धरा आणि कॉक उघडा. धार जाड आणि एकसारखी हवी. सुरुवातीला जाड आणि नंतर बारीक होत गेली तर टाकी उतरवून धुवा.

४. डिझेल फिल्टर कधी बदलायचा? धुऊन चालतो का?

कागदी फिल्टर धुऊन चालत नाही. धुतल्यावर कागद फुगतो, फाटतो आणि अडवलेली घाण थेट पंपात जाते. बदलायचे तास तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेले असतात. पण डिझेल कॅनमधून, उघड्यावर भरत असाल तर त्या तासांची वाट पाहू नका. लोडवर ताकद कमी वाटली की फिल्टर खोलून बघा. दोन फिल्टर असतील तर पहिला लवकर भरतो, त्यामुळे त्याच्याकडे जास्त लक्ष द्या.

बसवताना जुनं रबरी रिंग वरच्या डोक्याला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून तपासा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की हवा शिरते. सर्व्हिसिंग झाल्या दिवसापासूनच ट्रॅक्टर बंद पडायला लागला असेल, तर सर्वात आधी हे बघा आणि मग नळ्यांच्या क्लिपा.

५. डिझेलमध्ये पाणी आहे हे कसं ओळखू?

फिल्टरखालचा ड्रेन बोल्ट सैल करून कपभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. पाणी जड असल्याने खाली बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. इंजिन मिस मारत असेल, पांढरट धूर येत असेल आणि पावसाळ्याचे दिवस असतील, तर ही तपासणी आधी करा.

पाणी येतं ते कॅन पावसात उघडा राहिल्याने किंवा अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरल्याने. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवा, म्हणजे दव धरायला जागाच राहत नाही. ड्रममधून डिझेल काढताना नळी बुडाला टेकवू नका.

बाटलीत पाणी आणि डिझेलच्या मध्ये काळपट, शेवाळासारखा चिकट थर दिसला तर ती सूक्ष्म जिवांची वाढ आहे. हंगाम नसताना दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरात ती सापडू शकते. नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही, दोन दिवसांत नवाही बुजेल. टाकी आणि नळ्या धुवाव्याच लागतात. पाणी मारायला म्हणून पेट्रोल अजिबात मिसळू नका. पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं आणि आगीचा धोका वेगळाच.

६. ‘एअर धरली’ म्हणजे काय? एअर घरी काढता येते का?

डिझेलच्या वाटेत हवेचे बुडबुडे शिरले म्हणजे एअर धरली. हवा दाबली की आकसते. त्यामुळे पंपाने कितीही जोर लावला तरी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं टोक) उघडण्याइतका दाब तयार होत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की हे होणारच.

काढायची रीत अशी. टाकी निम्मी तरी भरा आणि कॉक उघडा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा बोल्ट दोन आटे सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे आणि मग सलग डिझेल. बोल्ट आवळताना हातपंप चालूच ठेवा. त्यानंतर पंपावरच्या बोल्टला तसंच करा. तरीही चालू झाला नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारा. नटातून डिझेल उडायला लागलं की आवळा. स्टार्टर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मध्ये विश्रांती द्या.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. टायरमध्ये दीड-दोन बार हवा असते, नोझल शंभराहून जास्त बारने फवारतं. तो फवारा कातडी भेदून आत जातो. वरून सुई टोचल्याएवढीच जखम दिसते, पण आत डिझेल पसरून बोट गमावण्याची वेळ येते. असं झालं तर दुखायची वाट न बघता थेट दवाखाना गाठा आणि ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा.

७. एअर काढली की अर्धा दिवस बरा चालतो, परत तेच. कुठेही डिझेल गळत नाही, मग हवा येते कुठून?

गळत नाही म्हणूनच सापडत नाही. फीड पंप डिझेल ओढून घेतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत फट असेल तर तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. फट कोरडी राहते आणि माणूस तिच्याकडे बघतही नाही. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथली फट डिझेल बाहेर टाकून स्वतःच दिसते.

नळीचा शेवटचा वीतभर भाग काढून तिथे डिझेलला चालेल अशी पारदर्शक नळी तात्पुरती घाला आणि ट्रॅक्टर चालवा. बुडबुडे दिसले की दोष टाकीच्या बाजूला आहे. मग नळीला क्लिपेपाशी वाकवून बघा, बारीक भेगा वाकवल्यावरच उघडतात. बँजो बोल्टची (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वॉशर एकदा आवळली की चपटी होते. बोल्ट खोलला की वॉशर नवीन टाका, ती काही महाग नाही.

एवढ्यानेही सापडलं नाही तर माझी सगळ्यात भरवशाची तपासणी करा. दोन-तीन लिटरचा स्वच्छ कॅन स्वच्छ डिझेलने भरा, इंजिनापेक्षा वर पण सायलेन्सरपासून लांब घट्ट बांधा आणि त्याची नळी थेट फीड पंपाला जोडा. पंपाकडून टाकीत परत येणारी नळी असेल तर ती टाकीतच राहू द्या. अशा जोडणीवर ट्रॅक्टर अर्धा तास न थांबता चालला, तर टाकी, झाकण, कॉक किंवा नळी यातच दोष आहे. तरीही बंद पडला तर तो फीड पंप, फिल्टर किंवा त्याच्या पुढे आहे. निम्मा ट्रॅक्टर एका झटक्यात संशयातून सुटतो.

८. मोकळा छान चालतो, पण ब्लोअर किंवा रोटाव्हेटर जोडला की दबून बंद पडतो. काय करू?

धूर बघा. लोड आल्यावर काळा धूर येत असेल तर डिझेल पुरतंय, पण ते जाळायला हवा कमी आहे किंवा काम ताकदीबाहेरचं आहे. धूर न येता नुसता दबत असेल तर डिझेलच पुरत नाही, मग प्रश्न ३ आणि ४ कडे परत जा. मोकळ्या इंजिनला डिझेल थोडंच लागतं, त्यामुळे अर्धा बुजलेला फिल्टर लोडवरच उघडा पडतो.

काळ्या धुरात आधी एअर क्लीनर बघा (प्रश्न ९). तो साफ असेल तर अवजाराकडे वळा. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या ताकदीला जास्त रुंद आहे का? काळ्या चिकट रानात वाफसा येण्याआधीच घातलाय का? खोली कमी करा, पुढचा गिअर एकने खाली घ्या. पात्यांना गुंडाळलेल्या तारा, सुतळी आणि ड्रिपच्या नळ्या काढा. ब्लोअरचा पंखा ट्रॅक्टर बंद ठेवून हाताने फिरवा, अडकत किंवा घासत असेल तर बेअरिंग गेलेलं आहे आणि इंजिनचा काही दोष नाही.

पीटीओ टाकायची पद्धतही महत्त्वाची आहे. इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून पीटीओ टाका, मग सावकाश रेस वाढवून मीटरवरच्या ५४० च्या (पीटीओच्या मिनिटाला फेऱ्या) खुणेवर आणा. डिझेल वाचेल म्हणून बरेच जण खुणेच्या खालीच काम करतात. तिथे छोट्या इंजिनकडे ताकदच नसते, जराशी ढेकळं आली की बंद पडतं.

९. एअर क्लीनर किती दिवसांनी साफ करायचा?

धुरळ्याच्या दिवसांत, म्हणजे खरड छाटणीच्या सुमाराला, रोज संध्याकाळी एक नजर टाका. सुका फिल्टर असेल तर हवा आतून बाहेर मारा, दाब कमी ठेवा आणि फिल्टर टायरवर आपटू नका. आत बल्ब धरून बघा, कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला तर कागद फाटलाय, नवीन टाका. तेलाचा क्लीनर असेल तर खालच्या वाटीतलं तेल गाळ बसल्यावर बदला आणि खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर ते इंजिनात ओढलं जातं.

‘फिल्टर काढून चालवला तर छान चालतो’ असंही कळवतात. निदान म्हणून मिनिटभर ठीक, पण त्यावर काम करू नका. धूळ लायनर आणि रिंगा घासून काढते.

१०. तास-दोन तासांनी तापला की बंद पडतो आणि थंड झाल्याशिवाय चालू होत नाही. इंजिन गेलं का?

घाबरू नका, आधी काटा बघा. तापमानाचा काटा लाल भागात जात असेल तर रेडिएटरची जाळी बघा. बागेत फवाऱ्याचा तुषार आणि धूळ मिळून जाळीवर लेप बसतो. पाण्याच्या हलक्या धारेने पंख्याच्या बाजूने बाहेर धुवा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

काटा ठीक असूनही असं होत असेल तर दोन संशयित उरतात. एक सोलेनॉइड: त्याची कॉइल तापली की सोडून देते. त्यात इंजिन चटकन बंद होतं. दुसरा इंजेक्शन पंप: डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या प्लंजरच्या (पंपातला डिझेल दाबणारा दांडा) बाजूने निसटतं. त्यात आधी ताकद कमी होत जाते आणि गरम असताना स्टार्टर कितीही मारला तरी चालू होत नाही. खात्रीसाठी बंद इंजिनच्या पंपावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा आणि मग चालू करून बघा. लगेच चालू झाला तर पंपावरचा संशय पक्का होतो. चालू इंजिनच्या गरम पंपावर गार पाणी ओतायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती टाळा, बाहेरचं आवरण आकसतं आणि आतला प्लंजर जाम होतो.

११. लाइट गेल्यासारखा चटकन बंद पडतो. मग कधी लगेच चालू होतो, कधी नाही. हे काय?

डिझेल संपत आलेलं इंजिन आचके देतं. चटकन बंद होणारं इंजिन कोणीतरी बंद केलेलं असतं, आणि ते ‘कोणीतरी’ बहुतेक वायर असते. किल्ली ‘ऑन’ केल्यावर सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज येतो का ऐका. येत नसेल तर फ्यूज, सोलेनॉइडची पिन आणि अर्थ बघा. चालू इंजिनवर किल्ली आणि वायरचा गुच्छ हलवून बघा, बंद पडला तर जागा सापडली. सगळे सोलेनॉइड सारखे नसतात. काही वीज असेपर्यंत डिझेल चालू ठेवतात, काही वीज मिळाल्यावर डिझेल बंद करतात. तुमच्याकडे कोणता आहे हे कळल्याशिवाय थेट वायर जोडू नका.

ओढून बंद करायची केबल असलेल्या ट्रॅक्टरात केबल गंजून पूर्ण मागे येत नाही, अर्धी ओढलेलीच राहते. धक्के बसले की ती बंदच्या बाजूला सरकते. तेलाचे दोन थेंब पुरतात.

काही मॉडेलना सीटखाली किंवा पीटीओच्या दांड्यापाशी सुरक्षा स्विच असतो. वरंब्यावर उसळून सीटवरून उठलात की ट्रॅक्टर बंद होतो. स्विच खराब असेल तर बदला, पण कायमचा जोडून टाकू नका. चालकाशिवाय फिरणारा पीटीओ शाफ्ट धोतर, ओढणी, हात काहीच सोडत नाही.

१२. रेस दिली की चालतो, सोडली की बंद पडतो. आयडलचा स्क्रू फिरवू का?

फिल्टर आणि एअर ठीक असल्याची खात्री झाल्यावरच फिरवा, तोही पाव आट्याने. स्क्रूने दोष झाकला जातो, जात नाही. शिशाचं सील लावलेल्या स्क्रूला हात लावू नका, तो जास्तीत जास्त डिझेलचा किंवा फेऱ्यांचा असतो.

आवाज थरथरत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नसेल. चालू इंजिनवर एकेका नोझलच्या नळीचा नट फडक्याने झाकून अर्धा आटा सैल करा. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात फरकच पडत नाही तो सिलिंडर कमजोर, त्याचं नोझल तपासून घ्या. हाताबद्दल प्रश्न ६ मध्ये लिहिलंय ते आधी वाचा.

१३. मिस्त्री म्हणतो, पंप खोलावा लागेल. खोलू का?

प्रश्न ३ ते ९ मधलं सगळं बघून झालं असेल आणि प्रश्न १० मधली लक्षणं जुळत असतील, तरच. पंप शेतात किंवा गॅरेजच्या फरशीवर खोलायची वस्तू नाही. तो अख्खा उतरवून टेस्ट बेंच असलेल्या दुकानात न्यावा लागतो, तिथे प्रत्येक सिलिंडरचं डिझेल मोजून सारखं करतात. उतरवण्याआधी टायमिंगची खूण मारून घ्या. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर पंपाचं सील तोडू देऊ नका.

१४. बंद पडल्यावर स्टार्टर फिरतच नाही, ‘टक’ होऊन थांबतो. ढकलून चालू करू का?

नको. ढकलू नका, स्टार्टरही परत मारू नका. आधी इंजिन ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, सिलिंडरमध्येही पाणी असू शकतं आणि जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल अगदीच खाली असेल तर इंजिन धरलेलं (आतून जाम झालेलं) असू शकतं. दोन्हींत ट्रॅक्टर टोचन करून न्या. ऑइल व्यवस्थित असेल तर मग बॅटरीची टोकं आणि स्टार्टर बघा.

उलट, ऑइलची पातळी आपोआप *वाढलेली* दिसली आणि डिझेलचा वास आला, तर फीड पंपाचा पडदा किंवा सील फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. असं इंजिन तेच मिश्रण ओढून स्वतःहून वेग घेऊ शकतं आणि मग किल्लीनेही थांबत नाही. तशी वेळ आलीच तर एअर क्लीनरच्या तोंडावर जाड लाकडी फळी दाबून हवा तोडा. हात किंवा सैल कापड लावू नका, ओढलं जातं.

१५. पॉवर टिलरला हेच सगळं लागू होतं का?

डिझेल टिलरला बहुतेक लागू होतं. फरक एवढाच की अनेक टिलरांची टाकी पंपाच्या वर असते आणि डिझेल आपोआप खाली येतं. त्यामुळे प्रश्न ७ मधली कोरडी फट तिथे सहसा नसते, फट असली तर थेंब दिसतो. झाकणाचं छिद्र मात्र तिथेही बुजतं. पेट्रोलवर चालणारे छोटे वीडर वेगळे, त्यांच्यात कार्बोरेटर आणि प्लगपासून सुरुवात करावी लागते.